एकही गोल नसलेलं पान

आज बरोबर साडेबाराला समोरच्या साइटवरचा खडखडाट थांबला. म्हणजे दुपारची सुट्टी लागू झाली. दर वर्षी जूनच्या मध्यात इथं हा नियम सुरू होतो. भर उन्हात काम बंद, तीनपर्यंत सगळ्यांनी सावलीत. मला कॅलेंडर बघावं लागत नाही. एकदम ती शांतता पसरते आणि कळतं. आला, मेला हा उन्हाळा आला परत.

अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आतापासूनच लिफ्टसमोर सुट्टीला गावी निघालेल्यांच्या बॅगा दिसायला लागल्यात. घरात गीझर बंद केलाय. गच्चीवरची टाकी तापते, त्यामुळे आता सप्टेंबरपर्यंत गरम पाण्याच्या नळाला त्यातल्या त्यात गार पाणी आणि गार पाण्याच्या नळाला चटका, असा उलटा कारभार. खाली उतरलं की चष्मा धुरकटतो, पुसेपर्यंत पाठ ओली. रस्त्याकडेच्या खजुरांना घोस लागलेत, हिरवे-पिवळे, आणि पालिकेच्या माणसांनी त्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात. त्या पिशव्या दिसल्या की मी मान फिरवते. का ते सांगते.

त्याआधी सकाळचं सांगते. वसईहून आईचा व्हॉइस मेसेज आला होता. चांगला चार मिनिटांचा, आमच्या कादोडी बोलीत. मी भाजी चिरत ऐकला. निम्मा कळला, निम्मा मिक्सरच्या आवाजात गेला, मी अंगठा पाठवून मोकळी झाले. माझी मुलगी रिया टोस्ट खात बसली होती. म्हणाली, "मम्मा, व्हॉट इज ग्रॅनी सेइंग? जस्ट द शॉर्ट व्हर्जन." मी म्हटलं, "सगळं ठीक आहे म्हणते. नीट जेवा म्हणते." रियानं मान हलवली आणि बूट घालायला गेली.

हे असं गुळगुळीत करून सांगणं, हाच माझा धंदा. मी जपानीची दुभाषी. पुण्यात शिकले, वर्गात पहिली, सरांची लाडकी. माझं जपानी म्हणजे अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखं, इस्त्रीचं. घरातली कादोडी मी शाळेतच दप्तराच्या तळाशी टाकली होती. मुली हसायच्या ना! त्यामुळे शुद्ध बोलण्याचा मला भारी सोस. समोरचा अडखळत, शिव्या घालत, अर्धवट काहीतरी बोलला, तरी माझ्या तोंडून पूर्ण वाक्य पडणार. दुभाष्याला गप्प बसणं जमत नाही. मध्ये जागा रिकामी राहिली की मीटिंगमधले सगळे तुझ्याकडेच बघतात. मग ती जागा भरायची सवय लागते.

ती सवय मोडायचा प्रयत्न एकाच माणसानं केला. कुदो-सान त्यांचं नाव.

सात वर्षं झाली. तेव्हा आम्ही शारजात राहायचो आणि मी कंपनीच्या व्हॅननं रास अल खैमाला जायचे. फरशा भाजायच्या कारखान्यात शंभरेक मीटर लांबीची नवी भट्टी बसवत होते. ती पेटवून देण्यासाठी जपानहून आलेले हे म्हातारे तंत्रज्ञ. साठी उलटलेली, बुटके, मान जाड, शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. सगळ्यांसमोर ते सावकाश, पाठ केल्यासारखं जपानी बोलायचे. बोलणाऱ्यानं समोरच उभं राहायला हवं, ही त्यांची अट. गळ्यात छोटी पांढरी पाटी. "सेफ्टीसाठी," म्हणायचे, "लिहून दिलेलं बरं." सगळ्यांना वाटायचं, काय हे जपानी शिस्तीचे लोक!

साइट मॅनेजर केरळचा. तो मला म्हणायचा, "ग्रेसी, बुड्ढा घमंडी है. पीछे से बुलाओ तो देखता भी नहीं."

घमंडी कसले. त्यांना ऐकूच येत नव्हतं. भट्ट्यांच्या आवाजात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मशिन तपासताना ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला टेकवायचे आणि मूठ दातांत धरायचे. दातांतून थरथर कळायची, त्यावरून सांगायचे कुठे बिघडलंय. कधी चुकले नाहीत. कंपनीला कळलं तर परत पाठवतील म्हणून लपवत होते. मला कळलं ते दुपारच्या सुट्टीत. साइट बंद, आम्ही दोघं पत्र्याच्या केबिनमध्ये. एसी गुरगुरत होता. ते फोन जबड्याला दाबून डोळे मिटून बसले होते. मला बघून दचकले. मग फोन पुढे केला आणि म्हणाले, "बायको आहे. ती बोलते आहे एवढं कळतं. काय बोलते ते कळत नाही."

त्यांची बायको सेत्सु. दूर उत्तरेला त्सुगारूत राहायची, जपानच्या मोठ्या बेटाच्या पार वरच्या टोकाला. तिथं सफरचंदाच्या बागा. तिची नजर गेलेली, जवळजवळ पूर्ण, त्यामुळे लिहिणं-वाचणं बंद. शेजारणीनं फोनवर एक बटण शिकवलं होतं, ते दाबून ती आपलं बोलणं पाठवायची. मूलबाळ नाही. एकाला ऐकू येत नाही, एकीला दिसत नाही. आणि मध्ये मी!

"गावातल्या कुणाला ऐकवायला लाज वाटते," कुदो-सान म्हणाले. "तू परकी आहेस, ते बरं. ऐकून लिहून देशील?"

मी म्हटलं, त्यात काय एवढं. मी वर्गात पहिली आलेली बाई.

पहिला मेसेज लावला. हे जपानी? तोंड जेमतेम उघडायचं, अर्धे शब्द गिळून टाकायचे. 'मी'ला 'वा', 'तू'ला 'ना'. थंड प्रदेशातल्या लोकांना तोंडात वारं जाऊ द्यायचं नसतं, असं म्हणे. ओसाकाचे लोक बोलले की मला सगळं कळायचं, टीव्हीमुळे. हे मात्र निराळंच जग. मी कानाला फोन लावून घामाघूम. जे थोडं हाती लागलं त्यावरून मी छान, नम्र, शुद्ध भाषेत अर्धं पान लिहून दिलं.

त्यांनी वाचलं. चेहरा पडला.

"ही सेत्सु नाही," ते म्हणाले. "हे बँकेचं पत्र आहे."

मला राग आला. फुकटात करत्येय, वर नावं ठेवतात! पण त्यांनी शांतपणे पेन्सिल घेतली. म्हणाले, "ती जशी बोलते तसंच लिही. नीटनेटकं करू नकोस. आणि जिथं कळणार नाही तिथं गोल काढ. रिकामा गोल. मी बघतो काय भरायचं ते."

असा तो उन्हाळा सुरू झाला. साडेबारा ते तीन. केबिनच्या पत्र्यावर हात ठेवला तर भाजेल असं ऊन, आत बिर्याणीच्या डब्यांचा वास, भिंतीला टेकून झोपलेले दोन-तीन इलेक्ट्रिशियन आणि माझ्या कानात सेत्सु. पहिल्या खऱ्या पानावर सत्तावीस गोल होते. कुदो-सान ते पान मोठ्यानं वाचायचे. बहिऱ्या माणसाचा तो चढा आवाज. पण केबिनमध्ये वाचताना त्यांचं पाठ केलेलं जपानी गळून पडायचं आणि तेही तसंच बोलायला लागायचे, शब्द गिळत. गोल आला की थांबायचे, बायको काय म्हणाली असेल याचा विचार करायचे, मग हसून शब्द भरायचे आणि मला अर्थ सांगायचे.

एकदा मी डबा उघडत होते, तर मागून आवाज आला, "दोसा?" मी म्हटलं, नाही हो, पोळी-भाजी. ते खदाखदा हसले. 'दोसा' म्हणजे 'कुठे निघालीस', आणि त्याचं उत्तर 'युसा', म्हणजे 'न्हाणीघरात'. दोन शब्दांत पूर्ण संभाषण! त्यानंतर मी केबिनबाहेर पडताना ते पाटीवर तेच लिहून धरायचे आणि मी ओरडायचे, "युसा!" इलेक्ट्रिशियन डोळे उघडून बघायचे, यांना ऊन लागलं वाटतं.

ती भाषा मला पुस्तकातून नाही, एका बाईच्या श्वासांतून कळत गेली. सेत्सु बोलायच्या आधी घसा खाकरायची. मागे रेडिओ चालू असायचा. शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या, पायाच्या पोटऱ्या, कोणाची सून कशी, तांदूळ कुठला चांगला. सफरचंदं लिंबाएवढी झाली की तिकडे एकेका फळाला कागदी पिशवी बांधतात, कीड लागू नये म्हणून. ती नजर गेल्यावरही हातानं चाचपून बांधायची. मी कुदो-सानना कंपाउंडमधला खजूर दाखवला, जाळी बांधलेला. ते बराच वेळ खाली उभे राहून वर बघत राहिले. म्हणाले, "इथंही बांधतात."

आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी ती काहीतरी पुटपुटायची. दर वेळी तेच, अगदी हळू, फोन ठेवता ठेवता. मला कधीच कळलं नाही. तिथं मी गोल काढायचे. कुदो-सान बाकीचे सगळे गोल भरायचे, तो मात्र तसाच सोडायचे. विचारलं तर म्हणायचे, "ते राहू दे."

माझे गोल कमी होत गेले. सत्तावीस, एकोणीस, अकरा, सहा. मला त्याची झिंग चढली. घरी नवऱ्याला सांगायचे, आज फक्त चार! तो म्हणायचा, "खलास, आता तुला त्सुगारूलाच पाठवतो." मला एकही गोल नसलेलं पान हवं होतं. खरं सांगायचं तर त्या म्हातारा-म्हातारीपेक्षा मला त्या पानाचीच जास्त ओढ लागली होती.

जुलैचा तिसरा आठवडा. कुदो-सानचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं. पण भट्टी रखडली होती. मॅनेजर मला म्हणाला, "ग्रेसी, बुड्ढे को बोलो, एक महिना और रुक जाए. वो जाएगा तो इसको कोई नहीं जला सकता." मी पाटीवर लिहिलं. त्यांनी भट्टीकडे पाहिलं. त्यांची ती शेवटची भट्टी, हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर निवृत्ती. म्हणाले, "सेत्सु काय म्हणते बघू. मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सेत्सुचा मेसेज आला. मोठा. मी तो आठ वेळा ऐकला. पिशव्या बांधायचं चाललंय, हे कळलं. शेजारीण येते, हे कळलं. हात, हे कळलं. मग तीन जागा अशा की तिचा आवाज एकदम खाली गेला आणि शब्द असे, जे तिनं आधी कधी वापरलेच नव्हते. तीन वाजत आले होते. बाहेर माणसं हेल्मेट घालत होती. माझ्यासमोर जवळजवळ पूर्ण पान होतं. तीन गोल आणि शेवटचा तो नेहमीचा, बस्स.

मी गोल काढले नाहीत.

पिशव्या बांधून हात दुखत असणार, मी स्वतःशी म्हटलं. दिवसभर हात वर करून काम, दुखणारच. मग लिहिलं, हात दुखतात, पण कामामुळे. काळजीचं काही नाही. काम संपवूनच या. आणि शेवटी, त्या पुटपुटण्याच्या जागी, 'तब्येतीला जपा'. सगळं त्सुगारूच्या बोलीत लिहिलं बरं का. इतकं सफाईनं की माझं मलाच कौतुक वाटलं.

कुदो-साननी पान वाचलं. नेहमीसारखं मोठ्यानं नाही, मनात. बराच वेळ वाचत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकही गोल नाही." मी लाजले की हो! मग त्यांनी पान चौकोनी घडी करून खिशात ठेवलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या मागे, आणि मॅनेजरला खूण केली. राहतो.

ऑगस्टच्या मध्यावर भट्टी पेटली. पेटल्यावर चार दिवसांनी जपानच्या ऑफिसचा फोन आला, तोही माझ्याच टेबलावर. सेत्सु बागेत पडली होती. हृदय. शेजारीण पोचेपर्यंत संपलं होतं.

पाटीवर ते मी लिहिलं. माझ्याच हातानं. काय लिहिलं ते आठवत नाही, पण शुद्ध, नम्र जपानीत लिहिलं असणार. त्यांनी वाचलं, बाहीनं पाटी पुसली आणि भट्टीजवळ जाऊन स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरून उभे राहिले. कुणी जवळ गेलं नाही. जाताना गाडीत बसण्याआधी मी त्यांच्यासमोर वाकून माफी मागायला लागले. कशाची ते धड सांगताही येईना. ते म्हणाले, "नान्मोदा." असू दे, काही नाही, असा त्याचा अर्थ. सेत्सुही तेच म्हणायची, येता-जाता.

तो जुलैचा मेसेज माझ्या फोनवर राहिला, कारण ऐकायच्या सोयीसाठी ते सगळे मला पाठवून ठेवत. पुढे आम्ही अबुधाबीकडे आलो, नोकरी बदलली. पण दर वर्षी समोरची साइट साडेबाराला थांबली की मी तो लावायचे. मधल्या वर्षांत मी ती बोली शिकत राहिले. कुणी विचारलं तर सांगायचे, हौस. हौस कसली डोंबलाची. म्हाताऱ्यांच्या गप्पांची रेकॉर्डिंग ऐकली, त्सुगारूच्या एका शिक्षिकेकडे ऑनलाइन शिकवणी लावली, वह्या भरल्या. पहिल्या वर्षी एक जागा उलगडली. तिसऱ्या वर्षी दुसरी. गेल्या उन्हाळ्यात तिसरी. तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले होते.

चार दिवस झाले, छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय. डावा हात वर होत नाही, म्हणून शेजारीण पिशव्या बांधते. तू आलास की डॉक्टरकडे जाऊ, एकटी मी जाणार नाही.

हे तिनं सांगितलं होतं. आणि मी लिहिलं होतं, काळजीचं काही नाही.

चर्चमध्ये जाऊन कन्फेशन केलं. फादर भले गृहस्थ, म्हणाले, तुझा हेतू वाईट नव्हता. प्रार्थना सांगितल्या, मी म्हटल्या. पण मला हेतूचं काय करायचंय? ज्यांचं पान होतं, त्यांना ते कुठे मिळालं होतं? नवरा म्हणाला, "आता कशाला उकरून काढतेस? म्हाताऱ्याला सुखानं मरू दे." तोही खोटं बोलत नव्हता. महिनाभर मी खरं पान लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं. सेत्सु बोलली तसं, जसंच्या तसं. शेवटच्या पुटपुटण्याच्या जागी गोल. सोबत माझी चिठ्ठी, की तेव्हा मला कळलं नव्हतं आणि मी तसं सांगितलं नाही. मग एके दिवशी जिवावर उदार होऊन पोस्टात टाकलं.

उत्तर आलं ते हिवाळा संपता संपता. पाकिटात दोन पानं.

एक मी पाठवलेलं. शेवटचा गोल त्यांनी तसाच रिकामा ठेवला होता.

दुसरं जुलैचं. माझं एकही गोल नसलेलं. चौकोनी घड्या पडून चिरलेलं, ग्रीसचे डाग. त्यावर पेन्सिलीनं चार गोल काढलेले होते. नेमके त्याच तीन जागी आणि चौथा 'तब्येतीला जपा'भोवती. पेन्सिल जुनी, पुसट झालेली, घडीवर झिजलेली. आणि खाली, नव्या शाईत त्यांनी लिहिलं होतं:

"शेवटचं वाक्य वाचलं तेव्हाच कळलं. सेत्सु असं म्हणत नाही. मग वरचं पुन्हा वाचलं. गोल मी त्याच दिवशी काढले. तुला विचारायला हवं होतं. पण भट्टी पेटायची होती."

मी ते पान कुणाला दाखवलेलं नाही.

तीन वाजले. समोरची क्रेन हलली, कुणीतरी अरबीत ओरडलं, यल्ला, यल्ला, चला. मी आईचा सकाळचा मेसेज परत लावला, या वेळी मिक्सर बंद करून, कागद-पेन्सिल घेऊन. आमची भाषा, माझी जन्माची भाषा, आणि पानावर अकरा गोल. मी वसईला फोन लावला.

"आई, सकाळी काय म्हणालीस ते मला कळलं नाही. परत सांग."

इतक्या वर्षांत मी हे तिला कधी म्हटलंच नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ दे गं. काही विशेष नाही."

"नाही, आई. सांग," मी म्हटलं. "मी लिहून घेते."